बदलून टाका!

सल्ला देणाऱ्यांच्या जाती आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतली सर्वांत सज्जन दिसणारी आणि सर्वांत महागात पडणारी जात म्हणजे 'बदलून टाका'वाल्यांची. पंखा कुरकुरतो? बदलून टाका. मिक्सर अडखळतो? बदलून टाका. नळाला पाणी कमी येते? पंप बदलून टाका. घरातला म्हातारा फार बोलतो? इथे मात्र ही मंडळी थांबतात. पण थांबतात ती नाइलाजाने, दुकानात दुसरा मिळत नाही म्हणून.

या संप्रदायाशी माझे वैर आहे आणि ते वैयक्तिक आहे, हे आधीच कबूल करतो. ते साडेसहा हजार रुपयांचे आणि एका गुडघ्याचे आहे.

माझ्याकडे १९८३ च्या दिवाळीत घेतलेली एक फटफटी आहे. त्या काळी आमच्या अकोल्याच्या रस्त्यांवर फटफट्यांची तीन घराणी नांदत होती. मद्रासची बुलेट ही पाटलांची आणि फौजदारांची. फरीदाबादची राजदूत ही दूधवाल्यांची आणि शेतावर जाणाऱ्यांची. आणि म्हैसूरची जावा, जी १९७३ पासून येझदी या नावाने येऊ लागली, ती कॉलेजातल्या पोरांची आणि स्वतःला अजून कॉलेजातलेच समजणाऱ्या प्राध्यापकांची. माझी कोणत्या घराण्यातली ते सांगणार नाही. पुढच्या हकिगतीत तिचा काडीचा दोष नाही, पण आपल्याकडे आरोपी निर्दोष सुटला तरी लोकांच्या लक्षात नाव तेवढे राहते. टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजावे लागते आणि मी जठारपेठेत शिरलो की जठारपेठेला ते कळते, एवढी ओळख पुरे.

गाडी घेतल्यावर आमची पहिली लांबची फेरी झाली ती अमरावतीला, अंबादेवीच्या दर्शनाला. अमरावती हे सौभाग्यवतीचे माहेर. तेव्हापासून दर नवरात्रात गाडीवर बसून अमरावतीला जायचे, अंबादेवीची ओटी भरायची, राजकमल चौकात काहीतरी खायचे आणि परत यायचे, हा नेम झाला. देवीला आम्ही ओळखू येत असू की नाही ठाऊक नाही, पण गाडीचा आवाज नक्कीच ओळखू येत असणार.

२०२३ सालच्या आषाढापर्यंत गाडी ठणठणीत होती. फक्त टाकीच्या झाकणाचे रबर जुने झाले होते, त्यामुळे कडेने पेट्रोल झिरपून विजारीला वास येई. शेजारी म्हणाले, "रबर बदलून टाका." पंधरा रुपयांचे रबर. बदलले. झाकण घट्ट बसले, वास गेला. ही आपली किरकोळ गोष्ट. मुख्य हकिगत पुढेच आहे.

श्रावणात सौ.च्या भाच्याचे लग्न जमले, सुपारी फोडायला अमरावतीला निघालो. सावध माणूस असल्यामुळे टाकी काठोकाठ भरून घेतली. बोरगाव मंजू येईपर्यंत गाडी वाऱ्यासारखी आली आणि तिथे हळूहळू दम लागल्यासारखी होऊन बंद पडली. मी झाकण उघडून टाकीत पेट्रोल आहे का ते पाहिले. फटफटी बंद पडली की आधी टाकीत डोकवायचे, हा आपल्या पिढीवरचा संस्कारच आहे. पेट्रोल होते. झाकण लावले, पाच-सहा किका मारल्या, गाडी सुरू. काटेपूर्णेच्या पुलाजवळ पुन्हा बंद. एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने झाकण उघडले, गाडी हलवून आत खळखळ ऐकली, "पेट्रोल तं हाय," असा निर्वाळा देऊन किक मारली. सुरू! "प्लग बदलून टाका काकाजी," म्हणून तो विजयी मुद्रेने निघून गेला.

पुढचा अपमान ऐतिहासिक आहे. जून २०२२ मध्ये आमच्या अमरावती-अकोला रस्त्याने जागतिक विक्रम केला, हे आपल्या स्मरणात असेल. लोणी ते माना या टप्प्यात एका पदराचा पंचाहत्तर किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि गिनेस बुकात वऱ्हाडचे नाव लागले. त्या विक्रमी रस्त्यावर माझी गाडी तीन वेळा बंद पडली. ज्या रस्त्यावर माणसे एकशे पाच तास थांबली नाहीत, त्याच रस्त्यावर मी दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबत होतो. दर वेळी कुणीतरी भला माणूस येई, झाकण उघडून आत पाही, किक मारी, गाडी सुरू होई आणि तो जाता जाता एक सल्ला देऊन जाई. एकाने कंडेन्सर सांगितला, दुसऱ्याने कॉइल, तिसऱ्याने कार्बोरेटर. नुसते निदान करणारा एकही नव्हता. प्रत्येकाच्या तोंडी दुकानातल्या एकेका वस्तूचे नाव होते.

मागे बसलेली सौ. बडनेऱ्याजवळ म्हणाली, "अहो, मला वाटतं झाकण उघडलं की चालते ती."

मी म्हणालो, "तुला काय कळतं मशीनमधलं?"

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मला तर ते आता जन्मभर लक्षात ठेवावे लागणार आहे.

घरी आल्यावर बदलांचे पर्व सुरू झाले. प्लग बदलला. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. कॉइल अकोल्यात मिळेना म्हणून नागपूरहून मागवली. कार्बोरेटर उघडून त्यातल्या जेट, सुई आणि वॉशर या सगळ्या इटुकल्या मंडळींची बदली झाली. पेट्रोलची नळी बदलली, कॉक बदलला, सायलेन्सर जाळात भाजून त्यातला कोळसा काढला. प्रत्येक बदलानंतर मेकॅनिक झाकण उघडून पेट्रोल बघे, गल्लीत दोन चकरा मारून आणी आणि म्हणे, "झाली ओके." आणि ती ओके असेच! गल्लीतल्या दोन चकरांत तिला काही होत नसे. कौलखेडपर्यंत गेलो की मात्र तोच दम, तोच उसासा, तीच समाधी. शेवटी एका तज्ज्ञाने चष्मा कपाळावर चढवून सांगितले, "साहेब, आता खरं सांगू? गाडीच बदलून टाका."

त्यातच पुण्याहून चिरंजीवांचा फोन. चिरंजीव शिकलेले असल्यामुळे ते हेच वाक्य कायद्याच्या भाषेत बोलतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. माझ्या गाडीची पाळी त्याच नोव्हेंबरात. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून तीनशेची एक हजार झालेली. शिवाय २०२१ साली सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केलेले. "बाबा, सरकारसुद्धा तेच सांगतंय," चिरंजीव म्हणाले. मी म्हणालो, "सरकार तपासून नापास झालेली गाडी मोडीत काढायला सांगतं. तू तपासायच्या आधीच सांगतोयस." बरीच घासाघीस होऊन तह झाला: नवरात्रात गाडी अमरावतीला नीट गेली तर नोव्हेंबरात तपासणीला न्यायची, नाही तर भंगारात. भंगारवाला वजनावर घेतो. चाळीस वर्षांच्या ओट्यांचे वजन त्याच्या काट्यावर शून्य भरते.

इथे प्रतिपक्षाचीही बाजू मांडली पाहिजे. टू-स्ट्रोक गाडी धूर करते. तिच्यात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते, हे शास्त्र आहे. माझी गाडी तपासणीत धुरावर नापास झाली असती तर मी निमूटपणे तिला हार घालून निरोप दिला असता. झिजलेला ब्रेक बदलावा, गुळगुळीत टायर बदलावा, हेही मान्य. झिजलेली वस्तू बदलण्याला माझा विरोध नाही. काय झिजले आहे ते न बघता बदलण्याला आहे.

असो. नवरात्रातल्या पाचव्या माळेला आम्ही निघालो. टाकी अर्थातच काठोकाठ. बोरगाव मंजूला एकदा, काटेपूर्णेला एकदा, असे नियमित थांबे घेत मूर्तिजापुरात पोचलो आणि ऐन स्टेशनच्या रस्त्यावर गाडी पुन्हा बसली. समोर एक टपरी होती. पाटी नव्हती, टायर टांगला होता तीच पाटी. आत साठीचा एक मिस्त्री चहा पीत बसला होता. मी गाडी ढकलत नेली आणि सवयीप्रमाणे झाकणाला हात घातला.

"थांबा जी," मिस्त्री म्हणाला. "हात नोका लावू. आधी सांगा, काय होते गाडीले?"

मी प्लगपासून कॉइलपर्यंत सगळा पाठ म्हणून दाखवला.

"थे नाई इचारलं. काय बदललं थे नाई, काय होते थे सांगा. खटकन् बंद पडते का दम लागून?"

"दम लागून."

"मंग तुमी काय करता? तुमच्या हातानं काय करता?"

"झाकण उघडून पेट्रोल बघतो."

"मंग सुरू होते?"

"होते."

"आन् झाकन न उघडता बसून रायले तं?"

"अर्ध्या तासाने तशीही होते. म्हणून तर सगळे म्हणतात, तापते."

"टाकी भरेल असली का लवकर बंद पडते, का खाली असली का?"

हा प्रश्न मला तीन महिन्यांत कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही नव्हता. आठवून पाहिले. भरलेली असली की लवकर! मी जितकी काळजी घेऊन टाकी भरत होतो, तितकी ती लवकर बंद पडत होती.

मिस्त्री सौ.कडे वळला. "बाई, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याले भोकं किती पाडता?"

"दोन," सौ. म्हणाली. "एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर तेल थोडं येऊन अडतं."

"झालं तं मंग. ह्यायच्या डब्याले एकच भोक हाय."

आणि त्याने झाकण फिरवले. आतून बारीकसा 'फुस्स' असा आवाज आला. तीन महिने तो आवाज होत असला पाहिजे. रस्त्याच्या गोंगाटात, सल्ल्यांच्या गोंगाटात आणि माझ्या स्वतःच्या व्याख्यानात तो मला ऐकू आला नव्हता.

प्रकार असा. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरमध्ये उतरते ते स्वतःच्या वजनाने. जेवढे उतरेल तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असते. ते बुजले की टाकीत पोकळी होते, ती पेट्रोलला वर धरून ठेवते, खालच्या वाटीतले पेट्रोल संपते आणि इंजिन दम लागून बसते. टाकी भरलेली असली की आत हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. अर्ध्या तासात कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. आपण म्हणतो, थंड झाली. आणि जो सल्लागार येतो तो आधी झाकण उघडून पेट्रोल बघतो, म्हणजे नकळत बरोबर उपचार करतो आणि मग चुकीचे औषध लिहून देतो!

भोक कशाने बुजले होते? मिस्त्रीने सुईने टोकरून एक पांढरट कण काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पॉलिश. दर रविवारी मी त्या झाकणाला पॉलिश लावून आरशासारखे लखलखीत करत असे. ती माझ्या प्रेमाची पुटे होती. वर्षानुवर्षे भोक बुजत आले होते, पण जुने रबर कडेने हवा आत सोडत होते, म्हणून गाडी चालत होती. ते पंधरा रुपयांचे रबर 'बदलून टाकले' आणि शेवटची खिडकीही बंद झाली. म्हणजे रोगाची सुरुवातच औषधाने झाली होती.

"पैसे किती?" मी विचारले.

"सुईचे काय पैसे घेता? च्या पाजा."

चहा पिताना कळले की मिस्त्रीचे वडील शकुंतला गाडीवर इंजिनात कोळसा टाकायला होते. शकुंतला म्हणजे आमच्या मूर्तिजापूरची ती चिमुकली रेल्वे, एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. ते १९२३ मध्ये रुळावर आले आणि एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक, धावले. मिस्त्री म्हणाला, "बाप सांगे, इंजन रुसलं का त्याले इचारा लागे. नवीन मांगवाले इलायत काई शेगावच्या बाजूले नाई." सत्तर वर्षे चालणाऱ्या इंजिनाचे गुपित मला हे वाटते. इंजिन भक्कम होतेच; पण दुकान लांब होते. दुकान लांब असले की माणूस आधी विचारतो. दुकान कोपऱ्यावर आले की आधी बदलतो.

तिथून निघालो. माना गेले, कुरूम गेले, लोणी गेली. तो विक्रमी रस्ता त्या दिवशी आम्ही एका दमात पार केला. गिनेसवाल्यांना कळवले नाही. बडनेऱ्याजवळ मी मान मागे वळवून म्हणालो, "तू श्रावणातच म्हणाली होतीस."

"पुढे बघून चालवा," सौ. म्हणाली. एवढेच. चाळीस वर्षांच्या संसारात मला इतकी मोठी शिक्षा इतक्या कमी शब्दांत झालेली नाही.

आता गुडघ्याचे सांगतो. त्याच तीन महिन्यांत माझा गुडघा दुखू लागला होता. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात एका गृहस्थांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. नवीन घर बांधलेला माणूस जसा सगळ्यांना घर बांधायला सांगतो, तसे ते मला सांगत, "बदलून टाका." त्यांचे खरेच झिजले होते, त्यांना खरेच बरे वाटले, त्यांचे काही चुकले नाही. पण आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे मागवण्याआधी विचारले, "हल्ली पायाला नवीन काही काम लागलंय का?" मी हिशेब केला. बंद पडलेली गाडी, दर थांब्याला दहा-बारा किका, तीन महिने, आणि पाय तोच. झाकणाचे भोक उघडले आणि महिनाभरात गुडघाही उघडझाप करू लागला. एका सुईत दोन रोगी बरे झाले.

तात्पर्य काय? 'बदलून टाका'वाले म्हणतात, "विचारपूस करायला वेळ कुणाला आहे? सुटा भाग स्वस्त, माणसाचा वेळ महाग." हिशेब माझ्यापुरता मांडून दाखवतो. बदलायला तीन महिने आणि साडेसहा हजार लागले. विचारायला पाच मिनिटे आणि दोन चहा. मग लोक विचारत का नाहीत? वेळ नाही हे खोटे आहे. आपल्याकडे रस्त्यात थांबून दुसऱ्याच्या गाडीला किक मारायला वेळ असतो. खरे कारण निराळे आहे. विचारायचे म्हणजे समोरच्याला काही ठाऊक आहे हे आधी मान्य करायचे. गाडीबद्दल तिच्यावर बसणाऱ्याला ठाऊक असते, दुखण्याबद्दल रोग्याला ठाऊक असते, डब्याबद्दल रोज तेल काढणारीला ठाऊक असते. पण त्यांना विचारले तर आपण तज्ज्ञ कसले? त्यापेक्षा एक वस्तू बदलून टाकावी. वस्तू उलट बोलत नाही.

आणि हा रोग फक्त मेकॅनिकांना जडला आहे, असे म्हणून मी हात झटकणार नाही. मेकॅनिकांनी मला विचारले नाही, तसे मीही सौ.ला विचारले नाही. तिने न विचारता सांगितले तेव्हा तिला गप्प केले. म्हणजे बदलून टाका संप्रदायाचा मीही एक जुना वारकरी. फरक इतकाच, की मला मूर्तिजापुरात गुरू भेटला.

नोव्हेंबरात गाडी तपासणीला नेली. धुराचा कागद मिळाला, दिवे लागले, हॉर्न वाजला. इन्स्पेक्टरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि झाकणाला हात घालून म्हणाला, "हे झाकण फार मळलंय हो. बाकी गाडी चकाचक आहे. बदलून टाका की."

मी म्हणालो, "साहेब, ते तेवढं राहू द्या."